ताईची बाजू

कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटायच्या. वरची जुनी सिस्टिम, खालची नवी. बाणाच्या बटणाने एक निवडायची आणि एंटर मारायचं. काहीच केलं नाही तर थोडी वाट बघून मशीन आपण होऊन वरच्या ओळीत शिरायचं. वरची बाजू छोट्याची आणि खालची ताईची, अशी त्या दुकानात वर्षानुवर्षांची वाटणी होती.

छोट्या म्हणजे काही लहान मूल नव्हे. पन्नाशी केव्हाच ओलांडलेला, दारातून वाकून आत येणारा उंच माणूस. पण थोरल्या बहिणीने एकदा छोट्या म्हटलं, की माणूस पन्नासचा झाला काय नि शंभरचा झाला काय, छोट्याच राहतो. तो पाट्या बनवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, 'येथे गाड्या लावू नयेत'च्या. वडील हाताने रंगवायचे. छोट्याच्या काळात चिकटणारं विनाइल आलं आणि त्यातून अक्षरं कापून देणारं मशीन आलं. ते मशीन म्हणजे जुना बैल होता. दणकट, इमानी, आणि एकाच धन्याचं ऐकणारा. ते फक्त जुन्या सिस्टिमचं ऐकायचं. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे त्याला नव्या सिस्टिमची भाषा शिकवायला कोणी उरलं नव्हतं.

इकडे गिऱ्हाइकांच्या मेल, त्यांनी पाठवलेली चित्रं, मालाच्या ऑर्डरी, ह्या सगळ्याला नवी सिस्टिम लागायची. म्हणून ताईने डिस्कचे दोन भाग करून एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही बसवल्या होत्या. सकाळी ती तिच्या बाजूला बसून दिवसाची कामं उतरवून घ्यायची, मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायची आणि "घे, तुझं राज्य," म्हणून उठायची. खुर्ची एकच. तिची उंची दर वेळी खालीवर करावी लागे आणि त्यावरून दर वेळी कुरकुर होई.

मग ताईचं लग्न झालं आणि ती गेली.

ह्या वयात कोणाची बहीण लग्न करून जाते, असं छोट्याला वाटलं होतं, पण तो बोलला नाही. जहाजांवर इंजिनिअर म्हणून उभं आयुष्य काढलेले एक विधुर गृहस्थ 'घर विकणे आहे' अशी पाटी करून घ्यायला दुकानात आले होते. पाटी न्यायला आले तेव्हा म्हणाले, अक्षरं जरा मोठी हवीत. मोठी करून दिली तर म्हणाले, रंग डोळ्यांवर येतो. असं चार-पाच वेळा झालं. छोट्या वैतागून ताईला म्हणाला की गिऱ्हाईक भलतंच चिकट आहे, ह्याला घर विकायचंय की नाही. ताई हसली नाही. तेव्हाच त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण ते त्याला कळलं सगळ्या गल्लीला कळून झाल्यावर. ताईने शेवटी स्वतः सांगितलं, तेव्हा तो हातातलं ब्लेड खाली ठेवत एवढंच म्हणाला, "मग कॉम्प्युटर कोण बघणार?"

ताईने ते ब्लेड उचलून डबीत ठेवलं.

"तू," ती म्हणाली.

ती नवऱ्याबरोबर समुद्रकाठच्या एका गावात राहायला गेली. गाडीने जायचं तर सगळा दिवस मोडायचा. छोट्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटा राहू लागला. रडलाबिडला नाही, तो त्या जातीचा नव्हता. फक्त काही गोष्टी त्याच्या ध्यानात येऊ लागल्या. खुर्चीची उंची आता कोणी बदलत नव्हतं. भांडं घासून जिथे ठेवलं तिथेच दुसऱ्या दिवशी सापडत होतं. दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं की "या" म्हणताना घसा खरखरायचा, आणि मग आठवायचं की सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. ताईच्या खोलीचं दार तो लोटून ठेवायचा, बंद करायचा नाही. आणि कॉम्प्युटरची खालची ओळ त्याने एकदाही निवडली नाही. लोक आपली चित्रं फोनवर दाखवायचे, तो ती बघून बघून जुन्या सिस्टिममध्ये पुन्हा काढायचा. दुप्पट काम पडायचं. पडू दे म्हणायचा, नाहीतरी वेळेचं काय करायचं होतं.

पण असं किती दिवस चालणार. माल पुरवणाऱ्याने फोनवर ऑर्डर घेणं बंद केलं. एका शाळेने सगळ्या वर्गांच्या पाट्यांचं मोठं काम दिलं आणि मजकूर मेलने पाठवला, तो फोनवर काही केल्या उघडेना. तेव्हा एका सकाळी छोट्याने मन घट्ट करून खालच्या ओळीवर एंटर मारलं. ताईची बाजू उघडली. पासवर्डची चौकट आली आणि तिच्याखाली सूचना: ही सिस्टिम आता जुनी झाली आहे, हिला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत, अपग्रेड करावी. पासवर्ड त्याला ठाऊक नव्हता. त्याने काही टाकूनही पाहिलं नाही. गुपचूप कॉम्प्युटर बंद केला, शाळेकडून मजकूर कागदावर मागवून घेतला, आणि रविवारी दुपारी ताईला फोन लावला.

लग्नानंतर त्याने आपण होऊन केलेला तो पहिला फोन. ताईला वाटलं काही बरंवाईट झालं. त्याने सूचना वाचून दाखवली. अपग्रेड करायचं तर करू, म्हणाला, पण एक अट आहे.

"तुझ्या बाजूला तुझं सामान असेल, वर्षांचं. आधी ते सगळं नीट दुसरीकडे काढून ठेवायचं, मगच बाकीचं. तुझ्या वस्तूंना मी हात लावणार नाही."

ताईने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. तर मग नीट आखणी करू या. घाई नको."

तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की फोन होऊ लागला. ताई सांगायची, छोट्या विनाइलच्या मागच्या कागदाच्या कपट्यांवर लिहून घ्यायचा. आधी जुनी सिस्टिम शाबूत राहील ह्याची तजवीज करायची, कारण ती गेली की कापायचं मशीन गेलं आणि दुकानच बसलं. मशीनची मूळ सीडी शोधून ठेवायची. ती शोधायला एक रविवार गेला, कारण ताई तिथून "डाव्या कपाटात वरती" म्हणायची आणि ते कपाट छोट्याने मध्यंतरी उजवीकडे नेलं होतं. मग जागेचा प्रश्न निघाला. नव्या सिस्टिमला जास्त जागा लागणार होती. छोट्याला त्याच्या बाजूने डिस्कवर ताईचा भाग आहे एवढं दिसायचं, पण त्यात काय भरलंय ते दिसायचं नाही. शेजारच्या खोलीची भिंत दिसावी तसं. ताई म्हणाली, ते आपण मागाहून बघू.

मधूनमधून इतर बोलणंही व्हायचं. जेवलास काय, ह्याची चौकशी आधी, मग डिस्क. खाऱ्या वाऱ्याने तिथे बिजागऱ्यासुद्धा गंजतात, हे तिने सांगितलं. नवरा वर्तमानपत्राची घडी अशी घालतो की बातमी पुन्हा सापडत नाही, हेही. शेजाऱ्यांशी अजून 'कसं काय'पलीकडे गेलेलं नाही, असं ती एकदा सहज म्हणाली आणि लगेच पेनड्राइव्हवर आली.

छोट्याला एक दिवस जाणवलं की आठवड्यातले सहा दिवस तो सातव्या दिवसासाठी शंका गोळा करतोय. ऐन वेळी वीज गेली तर? ताई म्हणाली, हा मुद्दा चांगला काढलास, आणि तो रविवार विजेत गेला. पुढच्या वेळी त्याने विचारलं, अपग्रेड चालू असताना उंदराने वायर कुरतडली तर? ताईने त्यावरही गंभीरपणे विचार केला. ताईच्या सामानासाठी वेगळी डिस्क आणायची ठरली, तेव्हा दुकानातल्या मुलीने केवढी मोठी देऊ म्हणून विचारलं. "माहीत नाही," छोट्या म्हणाला, "बहिणीचा अख्खा संसार मावला पाहिजे." तिने सगळ्यात मोठी दिली.

आखणी अशी मजेत चालली होती, आणि एका रविवारी फोन ताईने उचललाच नाही, तिच्या नवऱ्याने उचलला. ताई दात काढून आली होती, गालाला शेक घेत पडली होती. छोट्याने ह्या गृहस्थांना अजून कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. "ऐका ना," "हॅलो," "म्हणजे काय की," असं करत तो निभावून न्यायचा. ते बिचारे आपलेपणाने बोलले. अपग्रेडचं ऐकतोय कधीपासून, म्हणाले, अडलंय कुठे? छोट्याने सांगितलं की ताईचं सामान आधी काढायचंय, त्याची डिस्क आता आलीय.

"पण तिचं सगळं इकडेच आहे की," ते म्हणाले. "लग्नाआधीच आणलं तिने. मीच नव्या कॉम्प्युटरवर भरून दिलं. तिकडे काही ठेवलं नाही म्हणाली होती. हे तर एका दुपारचं काम आहे हो."

"लग्नाआधीच?" छोट्याने विचारलं. पलीकडे त्यांच्याही ध्यानात आलं की आपण नको ते बोललो. त्यांनी घसा खाकरला, पाऊसपाण्याचं विचारलं. छोट्याने ताईला जपायला सांगितलं आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी त्याने फोन केला नाही. ताईचा आला, तो वाजू दिला. त्याला राग आला होता का, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. आपण ज्या दाराशी पहारा देत बसलो त्याच्यामागे काही नव्हतंच, आणि हे आपल्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. पाटीवाल्या गृहस्थांच्या वेळेसारखंच.

मग एका कामाच्या दिवशी, भर दुपारी, त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. डिस्कच्या दुकानातून नवी सिस्टिम भरून आणलेला पेनड्राइव्ह लावला. काही ठेवायचं नाही म्हटल्यावर पासवर्डची गरजच नव्हती. ताईचा भाग सरळ पुसून तिथे नवं बसवायचं. एकेक पायरी त्याला पाठ झाली होती. तो भराभर पुढे गेला. शेवटी मशीनने विचारलं: ह्या भागातलं सर्व काही पुसलं जाईल. पुढे जायचं का?

त्याला माहीत होतं की आत काही नाही. तरी बोट पुढे जाईना. बाहेर शटरखालून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत होते. बराच वेळ बसून त्याने 'नाही' निवडलं, आणि कपाळ हातात धरलं. अशात फोन वाजला, आणि का कोण जाणे, ह्या वेळी त्याने तो घेतला.

"ह्यांनी सांगितलं मला," ताई म्हणाली. दाताच्या दुखण्याने तिचं बोलणं अजून जड होतं. "रागावलास?"

"इतके रविवार आपण कशाचा बॅकअप घेणार होतो, ताई?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण तू म्हणालास, तुझ्या वस्तूंना हात लावणार नाही. त्यावर 'तिथे काहीच नाहीये' असं मला म्हणवेना. आणि मग तू दर रविवारी फोन करायला लागलास. मला वाटलं, हे काम संपलं की तुझा फोनही संपेल."

छोट्या विनाइलचा एक कपटा बोटांत गुंडाळत राहिला.

"उंदराचं मी मुद्दामच काढलं होतं," तो म्हणाला.

"ते मला तेव्हाच कळलं. आपल्या दुकानात उंदीर कुठला."

तो आत्ता तिची बाजू पुसायलाच बसलाय हे ऐकून तिने पासवर्ड सांगितला. पुसायच्या आधी एकदा आत जाऊन ये, म्हणाली. पासवर्ड निघाला दुकानाचाच फोन नंबर. कोणालाही पहिल्या फटक्यात ओळखता आला असता. छोट्याने तो घातला आणि ताईची बाजू पूर्ण उघडली.

पडद्यावर सिस्टिमबरोबर येतं ते डोंगराचं चित्र होतं. बाकी काही नाही. एक फाइल नाही, एक फोटो नाही. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केलेली. एका रात्रीसाठी कुठे जायचं असलं तरी ताई घरातला कचरा टाकून मगच दाराला कुलूप लावायची, तसंच. आणि मग छोट्याला खरी गोष्ट उमगली. हे सगळं आवरायला तिला आठवडे लागले असणार. लग्नाआधी दर सकाळी ती ह्याच खुर्चीवर बसून एकेक वस्तू उचलून बाहेर काढत होती, आणि तो तिच्या मागे उभा राहून, हातात चहाचा कप घेऊन, रोज विचारत होता: झालं का तुझं?

"दिसलं?" ताईने फोनवरून विचारलं.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "परत येशील असं तुला एकदाही वाटलं नाही?"

"वाटायचं रे. इथे पहिले महिने तर रोज वाटायचं. पण येईन ती पाहुणी म्हणून येईन. खोटं कशाला सांगू." तिचा आवाज नरम झाला. "तू आता ती बाजू माझी म्हणू नकोस. दोन्ही बाजू आता तुझ्याच. आणि माझ्या खोलीत तो विनाइलचा माल ठेव. जिन्यावर ठेवतोस ना रोल, एक दिवस पडशील त्यांच्यावरून."

फोन तसाच काउंटरवर चालू ठेवून त्याने पुन्हा सुरुवात केली. मशीनने पुन्हा तेच विचारलं. ह्या वेळी त्याने 'हो' म्हटलं. पुसायला काही क्षण लागले; एवढा पसरलेला भाग, पण पुसायला वेळ लागावा असं त्यात काही नव्हतं. नवी सिस्टिम बसायला मात्र वेळ लागला. आकडे मुंगीच्या पावलाने सरकत होते. बोलायलाही फारसं काही उरलं नव्हतं. ताई तिकडे कपडे घड्या करत होती, त्याची सळसळ ऐकू येत होती. मधूनच तो "निम्मं झालं" म्हणायचा, ती "हं" म्हणायची. लग्नाआधी ती दोघं दुकानात अशीच बसत, तासन् तास, आपापल्या कामात.

शेवटी कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला, आणि सरळ नव्या सिस्टिममध्ये शिरला. काळा पडदा आलाच नाही. दोन ओळी नाहीत. जुनी बाजू निवडायला जागाच नाही.

छोट्याने फोन कानाला लावून ताईला ते सांगितलं. कापायचं मशीन कोपऱ्यात मुकाट उभं होतं. शाळेचं काम अर्धं व्हायचं होतं. ताईने दोन-तीन उपाय सुचवले, एकही चालला नाही. तिच्याही आवाजात घाबरेपणा आला आणि तिने फोन नवऱ्याकडे दिला. ते शांतपणे म्हणाले की जुनी सिस्टिम कुठे गेलेली नाही, आहे तिथेच आहे. नवीने फक्त दारावरची पाटी काढून स्वतःची लावलीय. इंजिन शाबूत आहे, एवढं बघू आधी. त्यांनी एकेक गोष्ट विचारली, छोट्याने वाचून दाखवली, एका जागी चुकलं, पुन्हा केलं. उन्हं उतरली. गृहस्थ एकदाही वैतागले नाहीत. चार-पाच वेळा पाटी बदलून घेणाऱ्या माणसाचा चिवटपणा छोट्याच्या तेव्हा कामी आला.

पुढच्या वेळी कॉम्प्युटर चालू झाला तेव्हा काळ्या पडद्यावर दोन्ही ओळी आल्या.

"आली, भावोजी," छोट्या म्हणाला. तोंडातून शब्द निघून गेला आणि मग त्याला कळलं.

"बरं झालं," भावोजी म्हणाले.

शाळेचं काम वेळेवर गेलं. विनाइलचे रोल जिन्यावरून ताईच्या खोलीत आले. खोलीला नव्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला. छोट्या दोन्ही बाजूंची कामं शिकला, चुकत माकत. रविवारचे फोन चालू राहिले, पण आखडले. आखायलाच काही उरलं नव्हतं. खुशाली विचारून झाली की दोन्हीकडे शांतता पडायची आणि कोणीतरी "बरं, ठेवू मग?" म्हणायचं. ताईला अलीकडे हसायला जास्त येत होतं, हे त्याला फोनवरूनही कळायचं. त्याला त्याचं बरं वाटायचं, आणि फोन ठेवल्यावर दुकान जरा जास्तच मोठं वाटायचं.

एका बुधवारी संध्याकाळी काम लवकर आटपलं. वर जाऊन एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा आला. वार रविवार नव्हता, अडलेलं काही नव्हतं, तरी त्याने फोन लावला. भावोजींनी उचलला. ताई घरी नव्हती, वाचनालयात गेली होती. तिच्या तिथे मैत्रिणी झाल्यात आता, म्हणाले, बुधवारी उशिराच येते. छोट्या म्हणाला, असू दे, विशेष काही नव्हतं, नंतर करतो.

"थांबा की जरा," भावोजी म्हणाले. "मीही एकटाच बसलोय."

छोट्याने फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला. मग त्याने, एवढी वर्षं पाट्या करणाऱ्या माणसाला पडावा असा प्रश्न विचारला: जहाजाच्या अंगावर ती एवढी थोरली नावं लिहितात कशी, खाली पाणी हलत असताना?

भावोजींनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नावाची अक्षरं आधी लोखंडातच वेल्डिंगने वळ उठवून केलेली असतात, ते सांगू लागले, म्हणजे रंग कितीदाही उडाला तरी पुन्हा त्याच जागी भरता येतो. आणि रंगवणारा माणूस फळीवर बसून बाजूने लोंबकळत असतो, एका हाताने दोर धरून. छोट्याने शिडी ओढून घेतली, तिच्या पायरीवर बसला, आणि अक्षरांची उंची किती असते ते विचारलं.